दाखवायचं पातळ

तुळशीची लग्नं उरकल्यानंतरचा पहिला रविवार, सकाळची वेळ. हजर: अण्णा, म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून. आई. माझी थोरली बहीण मालूताई, जिला दाखवायचं होतं ती. मी, वय तेरा, काम पोह्यांच्या बशा आतबाहेर करणं. शेजारच्या तारावहिनी, काम आपल्या पातळावर नजर ठेवणं. पाहुण्यांपैकी मुलाची आई, मुलाचे मामा आणि खुद्द मुलगा, तिघंही कुरुंदवाडहून पहिल्या गाडीनं आलेले. गैरहजर: मालूताईचा आवाज. हे शेवटचं मी गमतीनं लिहिलेलं नाही. त्या दिवशी जे झालं ते ह्या गैरहजेरीमुळंच झालं.

आम्ही कोल्हापुरात गंगावेशीच्या अलीकडच्या एका बोळात राहायचो. दोन खोल्या, मागं परसू, परसात नळ, आणि त्या नळावर चार घरांचा हक्क. पहाटे तालमीतले शड्डू ऐकू यायचे, मग दुधाला आणलेल्या म्हशींच्या गळ्यातल्या घंटा, मग आईच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, आणि ह्या सगळ्यांच्या वर मालूताईचा. ती नळावरून हाक मारायची ती बोळाच्या तोंडाशी ऐकू जायची. हसायला लागली की समोरच्या घरातली माणसं काय झालं म्हणून खिडकीत यायची. सातवीची फायनल पास होऊन ती मुलींच्या शाळेत बदलीवर शिकवत होती. पहिलीच्या वर्गात इतक्या पोरी, की मागच्या भिंतीपर्यंत आवाज पोचवायचा तर तिच्यासारखाच गळा हवा. शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला सांगितलं होतं, ट्रेनिंग कॉलेजला अर्ज टाक, तुझं नाव मी पुढं पाठवतो. (आमच्याकडं बायकाही जातो-येतो-करतो असंच म्हणतात. मी आजही म्हणते, लिहिताना तेवढं टाळते.) अण्णांचं म्हणणं एकच: आधी लग्न ठरू दे, मग सासरची माणसं सांगतील ते. आणि लग्न ठरत नव्हतं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, आणि आठवड्यानं निरोप यायचा की मुलगी घुमी आहे.

घुमी! मालूताई! पहिल्यांदा निरोप आला तेव्हा आई म्हणाली, चुकून दुसऱ्याच घरचा निरोप आपल्याकडं आला असेल. दुसऱ्यांदा तसाच आला तेव्हा तिनं तो पुन्हा सांगायला लावला. तिसऱ्यांदा देवीला नारळ बोलली. मला मात्र कारण माहीत होतं, आणि ते कारण तारावहिनींच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या वासात घडी घालून ठेवलेलं होतं.

तारावहिनींच्या यजमानांची गुळाची अडत होती. बोळात ट्रंकभर चांगली लुगडी-पातळं असलेली बाई ती एकच. त्यातलं एक गुलबक्षी रंगाचं जरीकाठी पातळ आणि त्याच कापडाचं पोलकं बोळातल्या कुणाही मुलीला दाखवायच्या दिवशी मिळायचं. ही चाल कशी पडली ठाऊक नाही. कापडावरचा कंट्रोल नुकता उठला होता, घरोघरी तागा आणून त्यातच सगळ्यांचे सदरे, परकर आणि उशांचे अभ्रे शिवायचे ते दिवस. स्वतंत्र भारी पातळ कोण घेणार? त्यामुळे तारावहिनींचं हे मन मोठंच होतं, ते मी नाकारत नाही. पण पातळाबरोबर नियमही यायचे, आणि नियम सांगायला खुद्द वहिनी यायच्या. भिंतीला टेकायचं नाही. नुसत्या फरशीवर बसायचं नाही. चहा घ्यायचा नाही, दिला तरी ओठाला लावून खाली ठेवायचा. अबोलीची वेणी माळायची तर पदराला ओल लागता कामा नये. घाम येऊ द्यायचा नाही.

“घाम काय विचारून येतोय होय वहिनी?” ताई एकदा म्हणाली.

“भ्यायलं न्हाय तर येत न्हाय,” वहिनी म्हणाल्या. “कशाला भ्यायचं? पावणंच हायत, वाघ न्हायत.”

पण नियम एक वेळ सोसले असते. मोजमाप सोसण्यासारखं नव्हतं. तारावहिनी बुटक्या आणि अंगानं भरलेल्या. पातळाचा पन्हा त्यांच्या उंचीचा. ताई अण्णांवर गेलेली, उंच, सरळ. तिला ते घोट्याच्या वर यायचं. म्हणून आईनं तिला शिकवलं होतं, पाहुण्यांसमोर उभं राहताना गुडघे किंचित वाकवून राहा, निऱ्या जमिनीला टेकल्यासारख्या दिसतात. पोलकं तर ताईला दोनदा गुंडाळावं असं सैल. मग आई पाठीमागून कापड ओढून धावदोरा घालायची, ताईच्या अंगावरच. चुणी पडू नये म्हणून म्हणायची, “श्वास सोड.” ताई सोडायची, आणि त्या सोडलेल्या श्वासावरच आई टाके घालून मोकळी व्हायची. पुन्हा श्वास घ्यायला जागा कुठं? खांदे आवळलेले, गुडघे वाकलेले, छातीत हवा नाही, नाकात डांबरगोळ्यांचा वास, आणि समोर वहिनी पदराचं टोक न्याहाळत बसलेल्या. अशा बाईचा आवाज निघेल कसा? विचारलेल्याला ती हं किंवा अंहं म्हणायची. पाहुणे गेले, पातळ सोडलं, की पोटात कळ येऊन निजायची ती दुसऱ्या दिवशी शाळेला जायच्या वेळेलाच उठायची.

मी हे आईला सांगितलं होतं. म्हटलं, “आई, ताई त्या पातळात गप होऊन बसती. तिला तिचंच नेसू दे.”

“पातळ काय तोंड बांधतंय होय तिचं?” आई म्हणाली. “आणि तिचं कुठलं नेसू दे? ते इचलकरंजीचं चौकड्याचं? पावण्यांम्होरं?”

हल्ली मासिकांतून डॉक्टर लिहितात, कपड्यांचा मनावर परिणाम होतो म्हणून. वाचून मला नवल वाटत नाही, उशीर झाला एवढंच वाटतं. माझ्या यजमानांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातल्या त्या मागं नाड्या असलेल्या झग्यात ते भिंतीकडं तोंड करून पडून राहत. कुणाशी बोलत नसत, खात नसत. नर्स म्हणे अशक्तपणा आहे. मी घरून त्यांची बंडी आणि धुतलेला लेंगा आणला, नर्सशी भांडून घातला, आणि अर्ध्या तासात ह्यांनी शेजारच्या पेशंटला ऊस कुठल्या कारखान्याला घालता म्हणून विचारलं. मला कुणी ह्याचं शास्त्र विचारू नये. मला परिणाम माहीत आहे.

तर तो रविवार. पाहुणे यायचे असले की आमचं रविवारचं मटण रद्द व्हायचं, त्यामुळे पाहुण्यांवर माझा राग आधीपासूनच होता. आईनं पोहे भिजवले, कांदा चिरला, शेंगदाणे तळले. अण्णांनी कोट घातला आणि परत काढून परत घातला. हे स्थळ त्यांना हवं होतं. मुलगा पेढीवर हिशेब लिहायचा, घरची नदीकाठची थोडी मळीची जमीन. बोलणी करणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं, मुलगी पसंत पडली तर माघातच उरकायचं, आणि नोकरी वगैरे चालणार नाही. ट्रेनिंगचा अर्ज टाकायची मुदत पौषातच संपत होती. म्हणजे पसंती आली तर अर्ज नाही, हे ताईला माहीत होतं. आणि नापसंती आली तर पुढच्या महिन्यात परत तेच पातळ, हेही माहीत होतं. आई पाठीमागं धावदोरा घालत होती तेव्हा तिनं मला आरशातून एकदा बघितलं. बोलली काहीच नाही. श्वास सोडलेला होता.

पाहुणे आले, पाय धुऊन बसले. मामा मोठ्या तोंडाचे, फेटा बांधलेले, गडगडाटी. मुलाची आई हिरव्या लुगड्यातली, सावध नजरेची. मुलगा मान खाली घालून सतरंजीची दशी ओढत बसला होता. तारावहिनी दाराशी. मी पोहे दिले. मग ताई पानाचं तबक घेऊन आली, गुडघे वाकवून, जशी शिकवली होती तशी. नमस्कार करून पाटावर बसली. मामांनी नाव विचारलं. ताई काहीतरी पुटपुटली.

“ऐकू न्हाय आलं,” मामा म्हणाले.

अण्णांनीच घाईनं नाव सांगितलं.

मुलाची आई ताईकडं बघत होती. तोंडाकडं नाही, पदराकडं. बघता बघता तिनं भावाला कोपर मारलं आणि हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “दादा, हे पातळ आपण बघितलंय की.”

“कुठं?”

“ह्याच बोळात. नवरात्राच्या आधी आलतो न्हवं? त्या शेवटच्या घरात. त्या पोरीच्या अंगावर हेच होतं. हाच काठ. मी इचारलंबी हुतं कुठनं घेतलं म्हणून.”

शेवटच्या घरात माझी मैत्रीण सुशी राहायची. तिच्या थोरल्या बहिणीला दाखवलं होतं, आणि तिला नको म्हणून गेलेले ते हेच कुरुंदवाडकर, हे आम्हाला आत्ता कळत होतं; त्या दिवशी तारावहिनी माहेरी होत्या, नाहीतर त्यांनी ही माणसं दारातच ओळखली असती. बोळातल्या मुलींना एकच पातळ पुरतं हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. पाहुण्यांनाही बोळ एकच असू शकतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मामांनी ताईकडं एकदा नीट बघितलं आणि हसायला सुरुवात केली. “आयला! पोरगी बदलली, पातळ तेच!”

अण्णांचा चेहरा उतरला. आतून आईच्या स्टोव्हचा आवाज येत होता तो थांबला. अशा वेळी गप्प राहावं की नाही? पण तारावहिनींना ते जमणारं नव्हतं. इतका वेळ कुणी त्यांच्या पातळाचं नाव काढलं नव्हतं. त्या पुढं होऊन म्हणाल्या, “माझंच हाय ते. पुण्याहनं आणलंय. आसं कोल्लापुरात गावायचं न्हाय तुमास्नी.”

“मग वहिनी, आमी कुणाला बघाय आलोय?” मामा मांडीवर थाप मारून म्हणाले. “पोरीला का पातळाला? पातळ पसंत हाय बघा! पातळालाच घेऊन जातो!”

मुलाची आईही हसली. मुलगासुद्धा दशी ओढता ओढता हसला. अण्णा हसल्यासारखं करायला गेले आणि ते मला सर्वांत वाईट दिसलं.

मग ताई उठली. गुडघे न वाकवता उठली, आपल्या सगळ्या उंचीसकट, आणि उठताना तिनं श्वास घेतला. पोटभर घेतला असावा, कारण पाठीवरचा धावदोरा वरपासून खालपर्यंत तट तट तुटत गेला. खोलीत तेवढाच आवाज झाला.

“अगं पोलकं! माझं पोलकं!” तारावहिनी ओरडल्या.

“फाटलं न्हाय, टाकेच तुटलेत,” ताई म्हणाली. तो तिचा आवाज होता, नळावरचा. “सोडून देतो तुमाला आत्ताच. पावणं, बसा. उठू नका. मी आलोच.”

आत आल्यावर आईनं तिचा दंड धरला. “मालू, परत जाऊन बस. पाया पडतो तुझ्या. वडलांचं तोंड बघ.”

“वडलांचंच बघितलं. जातो की परत. पण ह्यात न्हाय जाणार.” ती निऱ्या सोडतच होती. “काय गं, बघत काय बसलीस? वलणीवरचं माझं काढ.”

मी पाटावर चढून वलणीच्या दोरीवरचं निळं चौकड्यांचं पातळ ओढलं. आदल्या दिवशी शाळेतून आल्यावर टाकलेलं, धुवायचं राहिलेलं. आई म्हणाली, निदान दुसरं तरी, ह्याला खडू लागलाय. कमरेशी खरंच पांढरी बोटं उमटली होती. फळा पुसून ताई हात तिथंच पुसायची. ताईनं ते नेसलं, स्वतःचं पोलकं घातलं, कोपर वर करून अंबाडा पक्का केला. किती दिवसांनी पाहुण्यांच्या वेळेला तिचा हात वर जाताना बघत होते मी! गुलबक्षी पातळाची तिनं घडी घातली, काठाला काठ लावून, नीट. मग ती घडी बाहेर नेऊन तारावहिनींच्या हातात दिली आणि पाटावर बसली, भिंतीला पाठ टेकून.

“आता विचारा,” ती म्हणाली. “हे माझं आहे, ह्यात मला ऐकू पण येतं आणि बोलता पण येतं. नाव मालती. फायनल पास. मुलींच्या शाळेत पहिलीला शिकवतो. स्वयंपाक येतो, खरडा झणझणीत करतो. घरात चौघांचं धुणं धुतो. आणखी काय?”

मामांचं हसणं थांबलं होतं, पण माणूस हार जाणारा नव्हता. “आवाज हाय की पोरीला! मग मगाशी कुठं गेलता?”

“शिवून टाकलेला. पाठीमागनं.”

“आणि शाळा? लगीन झाल्यावर शाळा सोडणार का न्हाय?”

अण्णा काही बोलायच्या आत ताई म्हणाली, “न्हाय. ट्रेनिंगला अर्ज टाकणार.”

“मालू!” अण्णा म्हणाले.

“अण्णा, ह्यांना कुरुंदवाडापर्यंत जाऊन मग निरोप पाठवायला लावायचा, त्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं. गाडीचं भाडं त्यांचंच जातंय.”

मुलाची आई पदर सावरून पुढं सरकली. ती ताईच्या कमरेवरच्या खडूच्या बोटांकडं बघत म्हणाली, “पोरी, तुला कळतंय का काय करतीयास ते?”

“कळतंय मावशी. तुमी मघाशी पातळाला बघितलं, आता मला बघताय. मला एवढंच पाहिजे होतं.”

चहा न घेता ते उठले. मामा चप्पल घालताना म्हणाले, “कारकून, पोरगी सांभाळा.” अण्णा दाराशी हात जोडून उभे होते. आठवड्यानं निरोप आला: मुलगी उद्धट आहे. ताईनं तो ऐकला आणि म्हणाली, “घुमीची उद्धट झालो. बढती मिळाली की!” आणि हसली. समोरच्या खिडकीत माणसं आली.

ह्याची किंमत पडली नाही असं मी सांगणार नाही. अण्णा कितीतरी दिवस ताईशी बोलले नाहीत. जेवताना काही हवं असलं तर मला सांगायचे, तिला सांग म्हणून, आणि ती त्यांच्या समोरच बसलेली असायची. तारावहिनींनी बोळात जाहीर केलं की आता ते पातळ कुणालाच मिळणार नाही. सुशीची आई नळावर येऊन ताईला नको नको ते बोलली, कारण सुशीच्या बहिणीला पुढच्याच पंधरवड्यात दाखवायचं होतं. ताई तिचं सगळं ऐकून घेत घागर भरत राहिली. मग म्हणाली, “काकू, तिला तिच्या मापाचं काहीतरी नेसवा. मी येतो निऱ्या घालायला.” काकूंनी तोंड फिरवलं, पण दाखवायच्या दिवशी ताई गेली, आणि सुशीची बहीण आपल्या आईच्या जुन्या हिरव्या पातळात पाहुण्यांसमोर बसली. तिचं तिथंच ठरलं. पातळामुळं ठरलं असं मी म्हणत नाही. हुंडा कमी मागणारी माणसं होती. पण त्यानंतर आमच्या बोळात कुणी कुणाचं पातळ दाखवायला मागितलं नाही, हे खरं.

अर्जावर अण्णांची सही लागायची. ताईनं कागद त्यांच्या कोर्टाच्या पिशवीवर ठेवला आणि शाळेला गेली, तेच निळं नेसून. संध्याकाळी अण्णांनी कागद सही करून माझ्याकडं दिला. म्हणाले, “तिला सांग.” मी म्हटलं, “तुमीच सांगा की.” ते कोट काढत होते. कोट खुंटीला लावून झाल्यावर भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, “मालू, सही केलीय.” ताई लागलीच परसात जाऊन नळ सोडून तोंड धूत बसली, बराच वेळ.

पुढं ती मास्तरीण झाली, मोठ्या बाई झाली, लग्न उशिरा केलं आणि चांगलं केलं. मला दाखवायची वेळ आली तेव्हा मी अंगातल्या रोजच्या पातळात बसले आणि कुणाची हरकत घ्यायची छाती झाली नाही. मला लढावं लागलंच नाही. लढाई आधीच होऊन गेली होती, आणि ती माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केली होती, हे मी विसरलेले नाही.

आता माझ्या धाकट्या मुलासाठी मुली बघणं चाललंय. त्याला म्हटलं, तूच शोध, तर हसतो. येत्या रविवारी गडहिंग्लजला जायचं ठरलंय. बाकीची कामं मी उरकली आहेत: गाडी सांगितली, फळं सांगितली, यजमानांच्या गोळ्या पिशवीत टाकल्या. राहिलं ते एकच. मुलीच्या वडिलांचं कार्ड आलंय, मुलीला साडी नेसवावी की पंजाबी ड्रेस चालेल, आपली पसंती कळवावी. माझ्या नणंदेनं वाचून लगेच सांगितलं, साडीच म्हणा, त्यात काय विचारायचं. मी कार्ड तिच्या हातातून काढून घेतलं. पण लिहायला बसल्यावर कळलं की हे वाटतं तितकं सोपं नाही. काहीही चालेल असं लिहिलं, तर ते बिचारे त्यालाही परीक्षाच समजतील आणि चार घरी विचारत फिरतील. रोजचं घालू दे असं लिहिलं, तर त्यांच्या घरात रोजच्यासारखं दिसणारं नवं काहीतरी शिवायला जाईल. मुलीलाच कार्ड लिहावं म्हटलं, तर तिचं नाव त्यांनी कळवलेलंच नाही, नुसतं चि. सौ. कां. लिहिलंय. कार्ड उद्याच्या टपालात पडायला हवं. मायना लिहून झालाय. पुढचं लिहायचंय.